डाव्या हातातलं लाटणं

कणीक मळून झाली, तवा तापला आणि लाटणं काही सापडेना. गोजरबाईंनी मांडणी पालथी घातली, डब्यांच्या मागं हात घालून बघितला, शेवटी पाळण्यात झोपलेल्या नातीचं, मोनीचं, दुपटंसुद्धा उचलून पाहिलं.

"सुरेखा, लाटणं कुठंय गं?"

सुरेखानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. पडेगावातल्या त्यांच्या घरामागं मोकळे प्लॉट पडलेले होते. तिथं वरच्या खोलीतली भाडेकरू, नायजेरियाची फोलाके, लाटणं हातात धरून सुसाट पळत होती.

"घ्या! माझ्या लाटण्याला पाय फुटले," गोजरबाई सुनेला म्हणाल्या.

फोलाके विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकायला आली होती, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिच्या देशाकडून धावत होती. अक्राला धावली, दोह्याला धावली, एकदा पोलंडमध्ये गारठ्यात दात वाजत असताना धावली. गोजरबाईंना ही सगळी गावं सारखीच, 'तिकडं'. नावाला जीभ वळेना म्हणून त्यांनी तिची 'फुला' करून टाकली होती. पोरगी जिन्यावरून उतरली की गुडघा टेकवून "गुड मॉर्निंग, मावशी" म्हणायची, यावर त्या खूश. "माझ्या पोटच्या लेकीनं कधी एवढा मान दिला नाय," असं त्या गल्लीभर सांगत.

थोड्या वेळानं फोलाके आली. लाटणं धुऊन, पुसून, उजव्या हातानं गोजरबाईंच्या पुढं धरलं. डोळे सुजलेले होते.

"काय झालं गं?" सुरेखानं तिला खाली बसवलं.

फोलाके मराठी बोलायची, अडलं की हिंदीवर जायची. "काल कोचचा फोन आला, ताई. रिलेमध्ये परत घेतलं मला. पुढच्या महिन्यात आफ्रिकेची स्पर्धा. पण आखरी मौका. या वेळी बॅटन पडलं, तर टीममधून कायमची बाहेर."

बॅटन म्हणजे रिलेत एकीनं पळत पळत दुसरीच्या हातात द्यायची दांडी; गेल्या वर्षी ती फोलाकेच्या हातून पडली होती, एवढं सुरेखाला माहीत होतं. का पडली, ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. सुरेखा स्वतः लग्नापर्यंत कॉलेजच्या खो-खोच्या संघात होती. पळणाऱ्या माणसाचा हात असा उगाच सुटत नाही, हे ती जाणून होती.

"खरं सांग. कसं सुटलं?"

फोलाके फरशीकडं बघत बोलू लागली. "मी दुसरी पळते. डाव्या हातात घेते, डाव्यानंच तिसरीला देते. तिसरी म्हणजे सिस्टर तोयीन. कॅप्टन. माझ्याहून खूप मोठी, म्हणून सिस्टर म्हणायचं. तिनं हात मागं केला... आणि माझा हात आपोआप बदलला, ताई. डाव्यातून उजव्यात घेताना पडलं. कोचला नाय सांगितलं. हसेल तो."

सुरेखाला हसूच येणार होतं. तेवढ्यात तव्यापाशी बसलेल्या गोजरबाई गर्रकन वळल्या.

"मंग बरोबरच केलं की पोरीनं! मोठ्या माणसाला डाव्या हातानं कोण देतं?"

फोलाकेनं झटकन मान वर केली. "तुमच्यात पण?"

"आमच्यात म्हंजे? सगळ्यातच! माझी आई तर हातावर फटका द्यायची."

"माझी पण!" फोलाकेचा आवाज चढला. "सरावात जमतं, मावशी. शर्यतीत घाई झाली की आईचाच आवाज येतो."

वर्षभर मनात दाबून ठेवलेलं ऐकूनही तिला कुणी वेडी म्हणालं नव्हतं. ती हसली, मग रडली, मग दोन पोळ्या खाऊन कॉलेजला गेली.

दुसऱ्या दिवसापासून सुरेखा तिच्यासाठी तिसरी झाली. मोनी दूध पिऊन झोपली की तेवढाच वेळ मिळायचा. ओढणी कमरेला गुंडाळून सुरेखा मागं न बघता पळायची, उजवा हात मागं करायची. बाळंतपणापासून तिला वाटायचं, आपलं शरीर आता नुसतं दुधाचं आणि अर्धवट झोपेचं उरलंय. पण तळव्यांना माती लागली आणि पाय आपले आपण उचलायला लागले. धाप लागली, तरी ती हसत होती. लाटणं दर वेळी अचूक तिच्या तळहातात येऊन बसायचं.

"जमलं की गं!"

फोलाकेनं मान हलवली. "तुला देताना चुकणारच नाय, ताई. तू मैत्रीण आहेस. मोठी नाहीस."

पाळण्याजवळ भाजी निवडत बसलेल्या गोजरबाईंनी दारातून हे ऐकलं. त्या उठल्या आणि रिकामा चहाचा कप पुढं केला. "चहा ओत. अन् डाव्या हातानं दे मला."

"नो, मावशी!"

"मी मोठी का तू?"

"तुम्ही."

"मंग मोठ्याचं ऐकायचं."

त्या दिवसापासून घरात सगळं उलटं सुरू झालं. फोलाके डाव्या हातानं चहा द्यायची, डाव्या हातानं मिरच्या, डाव्या हातानं गोजरबाईंचा चष्मा. सुरुवातीला तिचे डोळे घट्ट मिटलेले असायचे, जणू आता फटका बसणार. शेजारच्या आशाबाई एकदा दारात उभ्या राहून बघत राहिल्या.

"काय गं गोजर, भाडेकरीण डाव्या हातानं चहा देती, अन् तू घेती?"

"तुला काय कळतंय त्यातलं? इथं प्रॅक्टिस चालूय."

फोलाके निघायच्या आदल्या दिवशी मात्र गोजरबाई म्हणाल्या, "चहा बसून देता येतो. पळताना बघू." त्यांनी मोनीला सुरेखाच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि प्लॉटच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, पडाल!"

"गप गं. हात कसा करू?"

"उजवा मागं. तळवा वर. अन् मागं बघायचं नाय!" सुरेखानं सांगितलं.

फोलाकेनं लांबून धाव घेतली. मोनीसुद्धा बोट चोखायचं थांबली. गोजरबाई बैलगाडीच्या चालीनं चार पावलं पुढं निघाल्या, हात मागं, मान ताठ. फोलाके जवळ आली आणि सुरेखाला स्पष्ट दिसलं, तिचा उजवा हात लाटण्याकडं निघालाय.

"फुला!" गोजरबाई मागं न बघताच ओरडल्या. "मी मागतीय ना? दे!"

उजवा हात मागं फिरला. लाटणं डाव्या हातातून थेट त्यांच्या तळहातावर आलं आणि गोजरबाई ते उंच धरून, कुणी थांबवलं नाही म्हणून, कुंपणापर्यंत पळत गेल्या.

स्पर्धेच्या दिवशी सुरेखाचा नवरा शिवराज बजाजनगरहून ड्युटी संपवून आला आणि त्यानं मोबाइल टीव्हीला जोडून दिला. आशाबाईही येऊन बसल्या. शर्यत सुटली. फोलाके वळणावर आली, पुढं उंच, रुंद खांद्यांची तोयीन हात मागं करून निघाली होती. सुरेखानं मोनीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

"दिलं का? दिलं का?" गोजरबाईंनी पदर तोंडात धरला होता.

"दिलं!"

"कोणत्या हातानं?"

"डाव्या!"

पुढं काय झालं ते गोजरबाईंनी नीट बघितलंच नाही. नायजेरिया दुसरी आली, हे शिवराजनं त्यांना दोनदा सांगितलं. त्यांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात होतं. तिथं फोलाके धापा टाकत तोयीनपुढं गुडघा टेकून बसली होती आणि तोयीन तिला हसत हसत उठवत होती.

"माफी मागती बघ," गोजरबाई म्हणाल्या. "वळण आहे पोरीला."

परत आली तेव्हा फोलाके बॅगा खालीच टाकून आत आली. खिशातून चांदीचं पदक काढलं आणि घाईघाईनं गोजरबाईंच्या पुढं धरलं. डाव्या हातानं.

गोजरबाईंनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"पोरी, ते मैदान होतं. हे घर आहे."

फोलाकेनं जीभ चावली. पदक डाव्या हातातून उजव्यात गेलं आणि या वेळी पडलं नाही. गोजरबाईंनी ते कपाळाला लावलं, मग सुरेखाच्या हातात दिलं. मोनीनं मात्र ते डाव्याच हातानं ओढून तोंडात घातलं. तिला कुणी काही बोललं नाही.