खळ्याचे तीन वाटे

आमच्या कोळीवाड्यात मासळीचे वाटे पडतात तेव्हा एक जण पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगाला हात लावून विचारतो, "ह्यो कोनाचा?" पाठमोरा माणूस एक नाव घेतो. ढीग ज्याचा त्याचा, भांडण खलास. न बघणाऱ्याला कोण आपलं आणि कोण परकं?

बापाच्या मागे राहिलेलं मासळी सुकवायचं खळं असंच वाटायचं, असं माझ्या भावांनी ठरवलं. मी हो म्हणाले. खाडीच्या चिखलात लाकडं रोवून मासळीचा न्याय जमिनीला लावायला निघालो आम्ही, शहाणे!

मला फक्त एक खोली बांधायची होती. नवरा गेला. विठ्ठलवाडीची भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती. माझ्या लेकीला, प्राप्तीला घेऊन जायला दुसरी जागा नव्हती.

थोरल्या दिपेशने खुंट्या ठोकून तीन तुकडे पाडले. माप तिन्हींचं सारखं. पहिला रस्त्याला लागून, दुसरा मधला, तिसरा खाडीकडचा, जिथे उधाणाचं पाणी गुडघाभर चढतं. आमचा चुलता नामाकाका पाठ फिरवून उभा राहिला. दिपेश आधी खाडीकडे गेला, त्या तुकड्यावर पाय ठेवला आणि खोकला.

"ह्यो को..."

"भावनाचा!" काका प्रश्न संपायच्या आत ओरडला.

माझं टाळकं सरकलं. "काकाला नाव शिकवलंस, दिपेश? खोकलास कशाला?"

"रीत मोडतेस?" तो अंगावर धावून आला. चोराच्या उलट्या बोंबा! त्याने कानाखाली अशी वाजवली की मी चिखलातच बसले. मितेशने, माझ्या धाकट्या भावाने, ज्याला मी कडेवर वाढवला, त्याने माझे केस मुठीत धरले.

"गपचूप घे ना, ताई. तुला साडी-चोळी देतो ना आम्ही?"

मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली आणि खरं सांगते, बरं वाटलं. तो ओरडून मागे सरला. खुंट्यांची भोकं पाडायला आणलेली पहार बाजूला पडली होती. ती उचलते तोच दिपेशने एक खुंटी उपटून माझ्या डोक्यात घातली. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं.

"काका, मना मारतान रे!"

नामाकाका तसाच पाठमोरा. मान वळली नाही.

"मी बघत नाय गो. वाटे चाललेत."

दिपेशने मारलं त्याहून हे लागलं. न बघणं वाट्यासाठी असतं, मुडद्या! पुतणी मरत असताना न बघायला कुठल्या रीतीने सांगितलंय?

मितेश पुन्हा आला. मी पहार फिरवली. त्याचा हात कोपराखाली मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. तो चिखलात लोळू लागला. दिपेश खुंटी उगारून धावला. मी खाली वाकले आणि त्याच्या गुडघ्यावर सगळ्या ताकदीने पहार हाणली. तो आडवा झाला आणि आईच्या नावाने बोंबलू लागला. आणखी एक घाव सहज घालता आला असता. हात वरच होता. घातला नाही, पण घालावासा वाटला.

मग मी खुंट्या एकेक करून उपटल्या. पहारेचं टोक जमिनीत रुतवून रस्त्यापासून थेट खाडीपर्यंत दोन रेघा ओढल्या. लांबच लांब तीन पट्ट्या झाल्या. प्रत्येकीला थोडा रस्ता, थोडा चिखल.

"येडी झालीस?" दिपेश गुडघा धरून कण्हत होता. "बिल्डरला रोडचा तुकडा पुरा लागतो. असल्या पट्टीला कुत्रं इचारनार नाय. कुनालाच काय मिलनार नाय, समजतंय का तुला?"

"माझ्या खोलीला पुरते."

"आनि आमचं काय?"

"माझ्याइतकंच."

त्या वेळी त्यांचं नुकसान बघून मला आनंद झाला. नाही म्हणणार नाही.

"काका, पाठ तशीच फिरवून ठेव," मी म्हणाले. पहिल्या पट्टीवर पहार टेकवली. "ह्यो कोनाचा?"

या वेळी काकाने प्रश्न पुरा होऊ दिला. तो रडत होता. कोणी खोकलं नाही.

"मितेशचा."

तिसऱ्या पट्टीवर गेले. मुद्दाम मधली सोडून.

"ह्यो कोनाचा?"

"दिपेशचा."

मला मधली आली. या कडेला एक भाऊ, त्या कडेला दुसरा, जन्मभर. वाटा खरा पडला होता, आता तक्रार कुणाकडे करायची? खोलीला दोन्ही बाजूंना खिडकी ठेवायची नाही, हे मी तिथेच रक्त पुसताना ठरवलं.