उलटा पडलेला पट्टा

"भिंगरी, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

मैदानाच्या कडेला स्क्रीनसमोर बसलेल्या डॉक्टरबाई ओरडल्या. भिंगरी धावत आला. त्या म्हणाल्या, "तुझ्या हृदयाचे ठोके चुकतायत. परवाची फायनल विसर. कपडे बदल, हॉस्पिटलला जायचंय."

भिंगरीच्या पायाखालची जमीन सरकली. संघातला सगळ्यात वेगवान गडी, कधी साधी सर्दी नाही, आणि म्हणे हृदय! सरांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा तर त्याला रडूच फुटलं.

कपडे बदलायच्या खोलीत त्याने छातीवरचा पट्टा ओरबाडून काढला आणि बाकावर आपटला. हे ठोके मोजणारे पट्टे होस्टेलवर उठल्याबरोबर आपापल्या खोलीतच लावायचे, असा डॉक्टरबाईंचा हुकूम होता. पट्टा उलटा पडला. आतल्या बाजूला नंबर होता एक. भिंगरीचा नंबर तर अकरा.

एक नंबर गोलकीपरचा. त्याला सगळे कुलूप म्हणत, कारण त्याच्या गोलात बॉल जात नसे आणि तोंडातून शब्द बाहेर येत नसे. सकाळी अंधारात दोघांचे पट्टे भिंगरीच्याच टेबलावर पडले होते. कुणी उठायच्या आत कुलूपने आपल्या खोलीत पोचायचं, हा नियमही भिंगरीचाच. जेवायला एका टेबलावर बसायचं नाही, गोल झाला तरी मिठी मारायची नाही. दोन वर्षं हेच. कुलूप म्हणे, "सांगून टाकू या रे." भिंगरी म्हणे, "माझी आई जीव देईल." की विषय तिथंच बंद.

म्हणजे आपलं हृदय ठणठणीत! भिंगरीला हसू आलं, आणि लगेच ते तोंडातल्या तोंडात मेलं. अकरा नंबर मग कुणाच्या छातीवर आहे?

तो अनवाणी धावला. कुलूप गोलात उड्या मारत होता.

"थांबवा त्याला! ते ठोके त्याचे आहेत! पट्टे बदललेत!"

सरांनी कुलूपचा शर्ट वर करून पट्टा उलटून पाहिला. अकरा.

"बदलले कुठे?"

"बाथरूममध्ये, सर. चुकून," कुलूप धापा टाकत म्हणाला. भिंगरीला पळवाट काढून द्यायची सवयच होती त्याला.

डॉक्टरबाई उठून आल्या. "धाप लागते? छातीत दुखतं? रात्री कधी दचकून जाग आली?"

"छे! ढाराढूर झोपलो. पट्टाच बिघडला असेल. खेळू द्या ना, मॅडम."

डॉक्टरबाई दुसरा पट्टा आणायला वळल्या. सर विचारात पडले. पर्यायी गोलकीपर म्हणजे आनंदीआनंद होता. "पट्टा बदलून बघू. तोवर राहा उभा गोलात."

कुलूपने हातमोजे घट्ट केले. तोंड उघडलं तर सगळं संपलं, आणि नाही उघडलं तर हा संपला.

"खोटं बोलतोय तो," भिंगरी म्हणाला. आवाज फाटला होता. "पहाटे त्याला श्वास येत नव्हता. घामाने निथळत होता. हाताला मुंग्या आल्यात म्हणाला."

"तुला काय माहीत?" सरांनी विचारलं.

"माझ्या कुशीत होता, सर."

अख्खा संघ जागच्या जागी थिजला. कुणाचा तरी बॉल घरंगळत गेला, तो अडवायलाही कुणी हललं नाही.

कुलूप डोळे फाडून बघत होता. "अरे, काय बोललास तू? कळलं का तुला?"

"कळलं," भिंगरी म्हणाला. "तू आधी खाली बस."