पुरे म्हणजे पुरे

मावशीचं ब्यूटी पार्लर होतं आणि चौकशा करण्याची हौस तर अशी, की गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं रे टेकलं की त्याच्या घरादाराची कुंडली मावशीच्या हातात. म्हणूनच भाचीसाठी कराटेचा क्लास शोधायची वेळ आली, तेव्हा घरच्यांनी मावशीलाच पुढे केलं.

भाचीला सगळे घुमी म्हणत. मध्यंतरी राहत्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी तिचा हात धरला. कशीबशी सुटली, पण तेव्हापासून एकटी दाराबाहेर पाऊल टाकेना. आता तर तिची पहिली नोकरी सुरू व्हायची होती. "क्लासमध्येही भीतीच वाटली, तर नोकरीला नाही म्हणून कळवते," तिने आईला सांगून टाकलं होतं. म्हणजे क्लास चुकीचा निघाला की पोरगी घरात बसलीच म्हणून समजा! मावशीला घोर लागला.

पहिला क्लास एकदम झकपक. भिंतभर ट्रॉफ्या आणि मधोमध सरांचाच फोटो. "वर्षात ब्लॅक बेल्ट, माझी गॅरंटी," सर म्हणाले. मग त्यांनी हवेत नुसता हात फिरवला आणि समोरचे विद्यार्थी धडाधड आडवे झाले.

"अगंबाई, हात न लावता?" मावशी उठलीच. "माझ्यावर करा की!"

सरांनी हात फिरवला. मावशी ढिम्म. पुन्हा फिरवला.

"वारा छान लागला हो," मावशी म्हणाली.

"तुमच्या मनात शंका आहे. म्हणून लागू पडत नाही."

"अहो, मग जिन्यातल्या मेल्याच्याही मनात शंका असली तर आम्ही काय करायचं?"

सर चिडले. जवळच्या विद्यार्थ्याचा हात पिरगाळून म्हणाले, "ही बघा खरी ताकद." तो बिचारा सोडा म्हणून गादीवर थापा मारत होता आणि सर म्हणत होते, "सहन करायला शिक." घुमी तोवर चपला घालून बाहेर उभी होती.

दुसरा क्लास गॅरेजच्या माडीवर. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. मावशीने सरबत्ती सुरू केली. तुम्हाला कुणी शिकवलं? इथे कुणाचं हाड मोडलंय का?

"मोडलंय. एका मुलीचं मनगट," बाई म्हणाल्या. "चूक माझी होती. तेव्हापासून इथे कुणी पुरे म्हटलं की समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. मी असले तरी."

मावशीला हे नवलच वाटलं. तिच्या घरी पुरे म्हटल्यावर ताटात आणखी एक डाव पडायचा, आणि वाढणारी तीच असायची. ती टक लावून बघत बसली. जोड्या झुंजत होत्या, कुणीतरी पुरे म्हणत होतं आणि पकड लगेच सुटत होती. पुरे म्हणणाऱ्याला कुणी हसत नव्हतं.

घुमीने आपण होऊन विचारलं, "मी करून बघू?"

तिच्या जोडीला एक धिप्पाड परिचारिका आली. तिने मनगट धरलं. घुमीने अंगठ्याच्या बाजूने झटका दिला आणि हात सुटला! मावशीला आनंद आवरेना. "शाब्बास गं माझी बाय! अजून एकदा!" घुमीने पुन्हा केलं. "अजून! कोपर वर घे! अगं, जोर लाव!"

"पुरे," घुमी पुटपुटली.

"पुरे काय, आत्ता कुठे जमायला लागलंय! चल, अजून..."

"मावशी, पुरे!"

आवाज केवढा! अख्ख्या माडीवरचे हात एकदम सुटले. बाईसुद्धा जागच्या जागी थांबल्या. सगळे मावशीकडे बघत होते.

घुमीला स्वतःलाच धाप लागली होती. तिने सुटलेल्या हातांकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"उद्या मी एकटी येईन," ती म्हणाली.

एकटी? त्या जिन्यातून? मावशीच्या ओठांवर दहा प्रश्न आले. तिने ते सगळे गिळले.

"बरं," मावशी म्हणाली.