रूनाचा नवरा

"शेवटी कुऱ्हाड पाहिजे," रेजीन म्हणाली. "बायको कुऱ्हाड उचलते, तो वळतो, आणि त्याच्या चेहऱ्याखाली दुसराच चेहरा. पडदा काळा. संपलं."

आयरीन बोयचुकने कॉफी ढवळली. तिने साखर घातली नव्हती, तरी ढवळली.

"गोष्टीत तसं नाहीये."

"गोष्टीत काहीच नाहीये, बाई माझे. नवरा बाहेरून घरी येतो, बायको म्हणते हा माणूस माझा नवरा नाही. तो आधी हसण्यावारी नेतो, मग आरशात बघतो. पुढे काय? लोकांनी तासभर आरसा बघायचा?"

"मी घाबरले ना पण," आयरीन म्हणाली.

रेजीनने हातातले कागद खाली ठेवले. आयरीनच्या तोंडून असं वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं.

कॅनडातल्या विनिपेगमध्ये रेजीनच्या या छोट्या कंपनीत भीतीचे सिनेमे बनत, आणि त्यांच्यासाठी येणाऱ्या गोष्टी वाचणं ही आयरीनची नोकरी होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती वाचायची आणि प्रत्येक गोष्टीवर चार ओळींचं मत लिहायची. तळघरातलं बाळ, भिंतीतले आवाज, मुंडकं नसलेला पोस्टमन. अंड्याचं सँडविच खाता खाता ती हे सगळं वाचत असे आणि तिचा घास कधी अडकत नसे. तिच्या मताची सगळे तारीफ करत आणि मग दुसरीच गोष्ट निवडत. त्याचंही तिला फारसं काही वाटेनासं झालं होतं.

'पाहुणा' ही गोष्ट मात्र वेगळी निघाली. ती वाचून आयरीन घरी गेली तेव्हा वॉल्टर, तिचा नवरा, टेबलाशी बसून बीटचं सूप पीत होता. चमचा तोंडाशी नेण्याआधी तो त्यावर दोनदा फुंकर मारायचा, लग्नापासून मारत आला होता. आयरीन त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस कोण आहे, असं तिच्या मनात आलं. ती उठली आणि धुतलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली.

"यंदा एकच सिनेमा होणार आहे," रेजीन म्हणाली. "एक तुझी गोष्ट, नाहीतर ती मक्याच्या शेतातली विहीर. बरं, तुझी घेऊ. पण शेवट माझा. लिहिणाऱ्या म्हाताऱ्याची सही तूच आणायची. आणि शेवट बदलणार हे त्याला आधी सांगायचं, मागाहून कोर्टकचेरी नको. नाही म्हणाला तर विहीर."

दुसऱ्या दिवशी आयरीन गाडी घेऊन सरोवराकाठच्या गिमली गावी, त्या म्हाताऱ्याकडे गेली. मार्च उजाडला होता, तरी सरोवर अजून पार गोठलेलं होतं. रस्ताभर ती एकच वाक्य जुळवत होती, आणि ते काही केल्या जुळत नव्हतं. तुमची गोष्ट मला फार आवडली, म्हणून आम्ही तिचं वाटोळं करणार आहोत, हे कुठल्याही शब्दांत सांगितलं तरी तेच राहत होतं.

सिगुर्जोन थोरलाक्सनने दार उघडलं. उंच, वाकलेला माणूस. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, ते आता बंद केलेलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "बायको आत जरा पडलीय. बसा, कॉफी टाकतो. केक आहे, आलुबुखारचा."

तो स्वयंपाकघरात गेला. आयरीन कोट न काढताच बसली. तेवढ्यात आतलं दार किलकिलं झालं आणि एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई पायात सपाता घालून भराभर तिच्यापाशी आली. तिने आयरीनचं मनगट घट्ट धरलं.

"तुम्ही पोलिसांकडून आलात?"

"नाही, मी..."

"असू दे. तो आत आहे तोवर ऐकून घ्या. हा माणूस माझा नवरा नाही."

हे वाक्य आयरीनने वाचलं होतं. शब्दन् शब्द हेच.

"चष्मा सिग्गीचा आहे, स्वेटर सिग्गीचा आहे, तो मीच विणलाय," बाई कुजबुजली. "चेहराही हुबेहूब आणलाय. मी विचारते, सिग्गी कुठे आहे, तर म्हणतो मीच. हसत म्हणतो. माझ्या मुलीलासुद्धा फितवलंय त्याने. तुमची गाडी आहे ना?"

स्वयंपाकघरात सुरी लाकडी पाटावर टक् टक् वाजत होती. ती थांबली.

ही बाई आजारी आहे, आयरीन स्वतःला सांगत होती. दुसरं काय असणार? पण आयुष्यभर वाचलेलं सगळं तिच्या डोक्यात एकदम उभं राहिलं, आणि ते वेगळंच सांगत होतं. या माणसाने गोष्ट लिहिलीच नसेल तर? जे केलं तेच लिहून पाठवलं असेल तर? भिंतीवर लग्नाचा फोटो होता. तिने त्यातली हनुवटी बघितली, कान बघितले. फोटोतला पोरसवदा नवरा आणि आतला म्हातारा एकच आहेत की नाहीत, तिला ठरवता येईना.

सिगुर्जोन दारात आला. हातात सुरी तशीच होती.

"रूना, अंगावर काहीतरी घे. गारठा आहे."

"मला रूना म्हणू नका," बाई म्हणाली. तिची मान ताठ होती. आणि ती पळालीच. पुढचं दार उघडून, सपातांनी बर्फ तुडवत ती आयरीनच्या गाडीत जाऊन बसली आणि तिने आतून लॉक लावून घेतलं.

आयरीन तिच्यामागे धावली आणि पायरीवर थांबली. मागून पावलं आली. तिने किल्ली मुठीत आवळली आणि वळून त्याची वाट अडवून उभी राहिली. आपण हे का करतोय हे तिलाही कळलं नाही.

सिगुर्जोन थबकला. त्याने तिच्या मुठीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातातल्या सुरीकडे. ती त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. त्याच्या दुसऱ्या हातावर घोंगडी होती.

"किल्ली तुमच्यापाशीच असू दे," तो म्हणाला. "एवढी तिच्या काचेशी नेऊन द्या. माझ्या हातून घ्यायची नाही ती."

रूनाने आयरीनकडून घोंगडी घेतली आणि दार पुन्हा लावलं. सिगुर्जोन पायरीवरून बघत होता.

"बसते थोडा वेळ. परक्या गाडीत तिला बरं वाटतं," तो म्हणाला. "तुम्हाला वाटलं, तिचंच खरं."

"हो," आयरीन म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"मलाही वाटतं कधीकधी. दाढी करताना."

मग आयरीनने कसलेही शब्द न जुळवता सांगून टाकलं. सिनेमात तो माणूस खरोखरच परका निघणार. त्याने नवऱ्याला कुठेतरी संपवलेलं असणार, आणि बायको कुऱ्हाड उचलते तेव्हा त्याच्या चेहऱ्याखाली भलतंच काही. "मला हे पटलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकते."

"म्हणजे बायकोचं खरं निघतं?"

"हो. पहिल्यापासून तिचंच खरं असतं."

सिगुर्जोन गाडीकडे बघत राहिला. काचेवर आतून वाफ धरली होती.

"कागद द्या."

"थोरलाक्सन, त्यात तुम्ही राक्षस होणार."

"होऊ दे. लिहिताना माझी एवढी छाती झाली नाही. आरशापर्यंत गेलो आणि थांबलो." त्याने पेन हातात घेतलं. "सकाळी उठल्यापासून जो तो तिला खोटं पाडतो. डॉक्टर पाडतात, फोनवर पोरगी पाडते. आणि मी तर घरातच असतो. कुठेतरी एकदा तिचं खरं ठरू दे." सही करता करता तो थांबला. "फक्त ती कुऱ्हाड नको. तिच्या हातात काही देऊ नका. ती नुसती म्हणू दे, मी सांगत होते ना."

आयरीनने तिथूनच रेजीनला फोन लावला.

"कुऱ्हाड नाही?" रेजीन म्हणाली. "मग लोकांनी घाबरायचं कशाला?"

"ती खरं सांगतेय आणि कुणी ऐकत नाहीये, याला."

"आयरीन, हे ठरवायचं काम तुझं नाही."

"नाही ना. पण सही माझ्या पिशवीत आहे, आणि कुऱ्हाड असेल तर ती पिशवीतच राहील. मग विहीर करा, आणि वाचायला दुसरं कुणी बघा."

"तू कधीपासून अशी बोलायला लागलीस?" रेजीन म्हणाली. आणि मग, थकल्यासारखी, "बरं. काढ ती कुऱ्हाड. सही घेऊन ये."

आयरीनने फोन खिशात टाकला. सिगुर्जोन गाडीपाशी पोचला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, केस हाताने नीट बसवले आणि काचेवर बोटाने हलकेच टकटक केलं.

"थोरलाक्सनबाई, मी दुकानातून आलोय. तुमच्या यजमानांनी पाठवलं. म्हणाले, कॉफी टाका आणि केक कापून ठेवा."

आतून लॉक निघालं. दार बोटभर उघडलं.

"ते येतायत का?"

"वाटेत आहेत."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याने हात पुढे केला होता, तो तिने घेतला नाही. घोंगडी सावरत ती एकटीच उतरली, पायरी चढली आणि उंबऱ्यात उभी राहून मागे वळली.

"पाय पुसून या," ती म्हणाली. "आमच्याकडे पाय पुसून येतात."

"हो बाई," सिगुर्जोन म्हणाला, आणि स्वतःच्या दारातल्या पायपुसण्यावर आधी एक, मग दुसरा बूट घासत, तिने आत या म्हणायची वाट बघत उभा राहिला.