सुकेळीबाबांचं तेजोवलय

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की वटार गावातल्या त्या भाड्याच्या बंगल्यापुढे अशी झुंबड उडायची, की वाटावं आत पापलेट फुकट वाटताहेत. वाटली जायची ती सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, वसईकराच्या लहानपणापासूनच्या ओळखीची. फरक इतकाच, की यांच्यावर सुकेळीबाबांनी फुंकर मारलेली असायची. कुणाचा ताप उतरे, कुणाचं गळू बसे. जूचंद्रचे फ्लॅटवालेसुद्धा रिक्षा करून यायला लागले होते.

"डॉक्टर शरीर बघतो, मी कारण बघतो!" बाबा गरजायचे. "चव कडू लागली, की समजा पाप बाहेर पडतंय!"

पाप गावात बरंच साचलं असावं, कारण कडू सगळ्यांनाच लागायचं.

विनी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, आणि बाबांना सुकेळी पुरवायचे तिचेच पप्पा, प्लासिड. मधुमेही माणूस, बागेत पायाच्या अंगठ्यात खिळा घुसला. बाबांच्या सुकेळ्यांनी जखम सुकत आली, तशी पप्पांनी उरलेली सुकेळी तुकडे करून आळीभर वाटली. "आशीर्वादाचं एकट्यानं खायचं नसतं, बाय." ही तिथली रीतच. पुढे जखम पुन्हा चिघळली, आणि या खेपेला कितीही सुकेळी खाल्ली तरी पू थांबेना.

बाबांनी निदान केलं, "घरात कुणीतरी शंका घेतंय."

घरात शंका घेणारी एकच होती. पप्पांनी विनीशी बोलणं टाकलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की उशीर केलात तर अंगठा कापावा लागेल. पप्पा ऐकेनात. विनीचं डोकं तडकलं.

पुढच्या रविवारी ती टेपने बंद केलेल्या तीन काचेच्या बशा घेऊन बंगल्यावर पोचली. पप्पा पाय चोळत पुढेच बसले होते. बशांत तिने प्रयोगशाळेतले निरुपद्रवी जिवाणू वाढवले होते, दुधावरच्या सायीसारखा थर दिसत होता.

"पहिल्या बशीत आमच्या घरचं साधं सुकेळं. साय त्याला चिकटून वाढलीय. दुसरीत बाबांचं."

बाबांच्या सुकेळ्याभोवती स्वच्छ गोल मोकळा पडला होता.

"तेजोवलय!" मर्सीमावशी किंचाळली. कुणी हात जोडले, कुणी क्रूस काढला. बाबांनी डोळे मिटून घेतले. "मी सांगत नव्हतो?"

"सांगत होता ना. आता तिसरी बशी. साधंच सुकेळं, आत मेडिकलमधल्या गोळीची पूड भरलीय. फुंकर मारली नाही. खरं सांगायचं तर अंघोळसुद्धा केली नव्हती."

तस्सं वलय! मागून कुणीतरी फिसकन हसलं. विनीने बाबांच्या ताटातलं एक सुकेळं उचलून मधोमध फाडलं. पोटातून पांढरी भुकटी सांडली.

"ते... पवित्र मीठ आहे!"

"मीठ खारट असतं, बाबा. ही अँटिबायोटिक गोळी आहे."

शेजारचा ऑस्कर कुरकुरला, "गोळी तर गोळी. गुण आला ना?"

"मग मला आता का येत नाय?" पप्पांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी ते विनीशी बोलले होते.

विनी त्यांच्या पायाशी बसली. "बाबांच्या बशीतल्या वलयाच्या आत बघा, दोन ठिपके. हे जिवाणू मेले नाहीत. तुमच्या केळीच्या बुडाशी फुटणारे मुनवे सगळे आईसारखे असतात, म्हणून एक रोग आला की बाग आडवी होते. हो ना?"

"होते. पण लाखात एखादा मुनवा वेगळा निघतो."

"जिवाणू तर कोटींनी वाढतात. दर वेळी आपल्या जनुकांची नक्कल करतात, आणि नकलेत चुका होतात. काही जाती तर जास्तच चुका करणाऱ्या. बऱ्याच चुका वाया जातात, काही त्यांच्याच जिवावर उठतात. एखादी मात्र नशिबाने गोळीपासून वाचवते. ती गोळीमुळे झालेली नसते, आधीच होऊन बसलेली असते. तुम्ही अर्धं खाल्लंत, अर्धं वाटलंत. कमजोर मेले, चिवट उरले, आणि आता पायात त्यांचीच पिल्लावळ आहे." तिने बशी बाबांसमोर धरली. "बाबा, या ठिपक्यांच्या घरी कुणी शंका घेतली होती?"

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. थोड्याच वेळात मागच्या दाराशी रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

"अंगठा राहील ना, बाय?"

"आज निघालो तर."

ते निघाले, थेट हॉस्पिटलात. डॉक्टरांनी पू तपासून, त्या चिवटांवर चालेल असं औषध निवडलं. अंगठा वाचला. वलय पाहून हात जोडायला हरकत नाही, पण जोडण्याआधी शेजारी एक साधं सुकेळं ठेवून बघावं. आणि गोळी डॉक्टर सांगेल तीच, सांगेल तितकी, ज्याची त्याने घ्यावी.

पप्पांना हे पटल्याची खूण विनीला वॉर्डातच दिसली. घरून आणलेली सुकेळी त्यांनी खाटाखाटांवर वाटली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी गोळ्यांच्या पाकिटाकडे बघून हात पुढे केला, तसं त्यांनी ते झटकन उशीखाली सारलं.

"हे नाय वाटायचं."