फुटला म्हणजे लागला

भाद्रपदातली सकाळ सावकाश उतरत होती. आधी घाटमाथ्याची कड उजळली. मग द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांच्या काचांवर ऊन क्षणभर सांडून विझत राहिलं; मग ते खाणीच्या उभ्या कापलेल्या कड्याच्या धारेवर आलं आणि पुढचं पाऊल कुठे टाकावं ते न कळल्यासारखं थबकलं. अखेर डोंगराच्या खिंडारातून ते थेट बुधाजीच्या ओटीवर आलं, त्याच्या बायकोने, शकूने धुऊन उपड्या घातलेल्या पातेल्यावर बसलं. पूर्वी इथे ऊन यायला आठ वाजत. मधे डोंगर होता. आता सातलाच येई.

हे लवकरचं ऊन बुधाजीनेच आणलं होतं. सव्वीस वर्षं त्याने त्या डोंगरात सुरुंगासाठी भोकं पाडली. डोंगर संपला, खाण बंद झाली, आणि छातीत साठलेल्या धुळीसकट बुधाजी तिथेच झाडं राखायला लागला. ठरलं होतं ते असं : खाणमालकाने खड्डा भरायचा, वर दोन हात माती पसरायची, झाडं लावून तीन वर्षं जगवायची, मग जमीन गुरचरणाला गावाकडे परत. बुधाजीच्या बापाने त्याच उतारावर गुरं राखली होती. "डोंगर म्या खाल्ला, आता कुरण पन मीच देनार," असं तो भेटेल त्याला सांगे. त्या एका वाक्यावर तो खोकत खोकत तीन वर्षं जगला होता.

माती मात्र दोन हात पडलीच नाही, वीतभर पडली. खाली खडी फोडणाऱ्या क्रशरची नुसती कच. दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली. यंदा श्रावणात मालकाचा सुपरवायझर धनेश आला.

"काका, सरकारी तपासनीला मॅडम येनार हायत. रिकामे खड्डे दिसता कामा नयेत."

"मंग रोपं दे."

"आता कुठली रोपं? तुमी जुनी मानसं, करा कायतरी जुगाड."

बुधाजीने कोयता उचलला. गावातल्या प्रत्येक बांधाला पांगाऱ्याच्या खुंटांचं कुंपण होतं. ओली फांदी तिरपी छाटायची, जमिनीत रोवायची. बाप म्हणायचा, फुटला म्हणजे लागला. चार दिवसांत सगळे रिकामे खड्डे भरले. बाराव्या दिवशी खुंटांना तीन-तीन पानांचे कोवळे फुटवे आले, तेव्हा हे आपण तपासणीसाठी केलं होतं, हेच तो विसरला. रोज सकाळी जाऊन तो पानं बोटांनी चाचपू लागला.

"येक उपटून बगा तरी," शकू म्हणाली.

"लागलेलं झाड उपटायचं नसतं गं."

"लागलंय का, त्येच तर बगायचंय!"

"तुज्या जिभेला काटा हाय, पांगाऱ्यावानी."

"काट्यालाच सालीखालचं ठावं असतंय," शकू म्हणाली आणि पातेलं उचलून आत गेली.

त्या सकाळी दहाला गाडी आली. तपासणीच्या हर्षला मॅडम उन्हात टोपी घालून ओळीओळीने फिरल्या. शेवटच्या ओळीत त्या थांबल्या. एका खुंटाचं पान त्यांनी उलटून पाहिलं.

"हे पांगारे या वर्षीचे दिसतात. मुळं धरलीत ना, काका?"

धनेश घाटाकडे पाहू लागला. बुधाजीला खोकला आला. तो सरेपर्यंत मॅडम थांबून राहिल्या. इतका वेळ त्याच्या उत्तरासाठी आयुष्यात कुणी थांबलं नव्हतं.

"फुटलाय न्‌ मॅडम," तो म्हणाला. "फुटला म्हंजे लागला."

"तुम्ही तीन वर्षं राखलंत. तुम्हालाच ठाऊक." मॅडमनी कागदावर खूण केली.

मालकाकडून आलेली शाल धनेशने बुधाजीच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, मोबाइलवर फोटो काढला. "हसा की काका, कुरण मिळालं गावाला!" बुधाजी हसला. गाडीशी पोहोचता पोहोचता त्याने सहज विचारलं, अगदी लाडात आलेल्या माणसासारखं :

"आनि मॅडम, नसती लागली तर वो?"

"तर हा सगळा थर उकरायला लावला असता. दोन हात माती, माझ्यासमोर मोजून. वर आणखी तीन वर्षं जगवायची जबाबदारी." त्यांनी दार ओढून घेतलं. "आता गरज नाही. आता जमीन तुमची."

गाडी गेली. धनेशने बुधाजीच्या पाठीवर थाप मारली. "काका, मालकाला जे जमलं नसतं ते तुमी केलं. आता उद्यापासून येऊ नका. काम संपलं." आणि मोटारसायकलला किक मारता मारता, "शाल धुवू नका हां, रंग जातोय तिचा."

उन्हं डोक्यावर आली होती. माळाला कुठेच सावली नव्हती. बुधाजी शेवटच्या ओळीपर्यंत गेला, नारळ खाली ठेवला आणि काट्यांची पर्वा न करता तोच खुंट मुठीत धरला. जोर लावावा लागला नाही. कचेतून किस्स असा आवाज झाला आणि खुंट हातात आला, वरची पानं अजून टवटवीत.

खालचं टोक त्याच्या कोयत्याने छाटलं होतं तसंच तिरपं होतं, फक्त काळं पडलेलं. त्याने पुढचा उपटला. मग त्याच्या पुढचा.

एकालाही मूळ नव्हतं.