न काढलेली प्रत

गुरुदत्तने मागे वळून दार पाहिलं, आपल्या कोडमधली एक ओळ खोडली, तिच्या जागी नवी लिहिली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. हिरव्या अक्षरांत गाड्यांचा हिशेब तंतोतंत जुळला. दुपारची वेळ, लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. त्याचा रूममेट प्रसन्न खाली कॉफी आणायला गेला होता, दोघांसाठी.

प्रोग्रॅम एका शहराच्या रहदारीचा होता. त्यातला प्रत्येक चौक म्हणजे एक स्वतंत्र कारभारी. दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही, हवं ते निरोप धाडून मागायचं, आणि निरोपातून द्यायची ती आपल्या यादीची प्रत. मूळ यादी कधीच नाही. प्रोफेसर ब्रॅडींचा हा एवढाच नियम, पण कडक. डेमो वेगात व्हावा म्हणून गुरुदत्तने आपल्या भागात प्रत काढणं गाळलं आणि मूळ यादीच प्रसन्नच्या भागाच्या हाती दिली. शेजारणीला वाटीभर आमटी द्यायची सोडून चुलीवरचं पातेलंच दोघींत ठेवावं, तसं झालं. प्रसन्नचा भाग गाड्या मोजत असताना गुरुदत्तचा भाग त्याच यादीतल्या गाड्या हलवत राही. मोजणी कधी चुके, कधी नाही. चुकलेला आकडा मात्र प्रसन्नच्या भागातून बाहेर पडे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा अख्खा हिवाळा प्रसन्नने स्वतःचाच कोड उकरण्यात घालवला. उन्हाळ्यापर्यंत जमलं नाही तर असिस्टंटशिप बंद, असं ब्रॅडींनी त्याला सांगून टाकलं होतं. असिस्टंटशिप गेली की फी कोण भरणार, म्हणजे सरळ नागपूर. खोट आपल्याकडे आहे हे गुरुदत्तला पंधरवड्यापूर्वीच कळलं होतं. सांगायचं ठरवून तो घरी जाई, आणि प्रसन्नने लावलेल्या कुकरचा भात खाऊन गप झोपे. स्वतःची त्याला शिसारी यायची, पण ब्रॅडींचा चेहरा आठवला की तो सांगणं उद्यावर ढकले. शेवटी त्याने गुपचूप ओळ बदलण्याचा हा मार्ग काढला. साप मरावा आणि काठीही मोडू नये.

प्रसन्नने कॉफी ठेवली, प्रोग्रॅम चालवला. पुन्हा चालवला. संध्याकाळपर्यंत चालवतच राहिला.

"तू काही चेंज केलंस का रे?"

"नाही," गुरुदत्त म्हणाला.

प्रसन्न आनंदाने मिठी मारेल, पिझ्झा मागवेल, असं गुरुदत्तला वाटलं होतं. प्रसन्नने रात्री पुन्हा आपलाच कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. दुसऱ्या दिवशी तो ब्रॅडींकडे गेला आणि म्हणाला, चूक दिसेनाशी झालीय, पण का ते मला कळलेलं नाही. जे कळत नाही ते सुधारलं असं मी सांगू शकत नाही. ब्रॅडी हळहळले. माणूस प्रामाणिक आहे म्हणाले, पण असिस्टंटशिप बंद केली आणि त्याचं काम गुरुदत्तकडे सोपवलं.

सोमवारी प्रसन्नने गुरुदत्तला शेजारी बसवून सगळं समजावायला घेतलं. कसलाही राग नव्हता. कुठे काय मोजलं जातं, कुठे जपून हात लावायचा, हे तो पोराचं दप्तर भरून द्यावं तशा निगुतीने सांगत होता. गुरुदत्त हं हं करत होता. त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"हे सगळं मी लाइन बाय लाइन चेक केलंय यार, तुला टेन्शन नको." प्रसन्नचं बोट स्क्रीनवर एका जागी टेकलं. गुरुदत्तच्या भागाकडून यादी येत होती ती जागा. "एवढंच काय ते बघितलं नाही कधी."

"का?"

"तुझ्याकडून येतं ना ते," प्रसन्न सहज म्हणाला, आणि त्याने पुढचं पान काढलं.

गुरुदत्तने हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं.

"थांब," तो म्हणाला. "एक पान मागे घे."